वेळेचं अंगण

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक गाव समोर आणा. फार मोठं नको. जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या सडकेवर, केदारखेड्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरून आत चालत गेलं की लागेल, एवढंसं. त्याचं नाव रानखेडा असं समजा. गावाला एक विहीर, एक शाळा, आणि सगळ्या गावात मिळून घड्याळं फक्त दोन. एक सरपंचांच्या ओसरीवर, किल्ली द्यायची राहिली की थांबणारं. दुसरं शाळेत, कायमचंच थांबलेलं.

मग गावाला वेळ कशी कळायची? कळायची की! कोंबडा आरवला, दिवस कासराभर वर आला, गुरं रानात गेली, सावली पायाखाली आली, फाट्यावर एसटी थांबली, गुरं धूळ उडवत परतली, दिवे लागले. एवढ्यावर गावाचं छान चालायचं. आता त्याच गावात एक अकरा वर्षांची मुलगी उभी करा. दोन घट्ट वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, आणि कडेवर तिच्याच पोटाएवढी घागर. हीच आपली सत्यशीला.

ते दुष्काळाचं साल होतं. बाहत्तरचा पाऊस दडी मारून बसला होता आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा मात्र वेळेआधीच येऊन ठेपला होता. रानखेड्याची विहीर तळापर्यंत आटली होती. रोज पहाटे भोकरदनकडून टँकर यायचा आणि आपलं पाणी त्या विहिरीत ओतून निघून जायचा. मग पोहरे सुटायचे. रहाट करकरायचा, बायांची बोलाचाली व्हायची, आणि सावली पायाखालून सरकली की विहिरीत उरायचा तो फक्त गाळ.

सत्यशीलाची आई उषाबाई पायऱ्यांच्या खाली उभी असायची. बौद्धवाड्यातल्या बायांनी विहिरीवर चढायचं नाही, खाली घागर धरायची आणि वरच्या कुणीतरी पाणी ओतायचं, अशी जुनी रीत होती. ती वाईट रीत होती, पण होती. वरच्या बायांमध्ये सरपंचांची आई चतुराबाई तेवढी न विसरता ओतायची. तोंडाने सारखी कुरकुर करायची, पण घागर अर्धी ठेवायची नाही. बाकीच्यांना आपापली घाई असायची. त्यामुळे रांगेत उषाबाईचा नंबर लागेपर्यंत दिवस डोक्यावर यायचा, आणि आईची जागा धरून बसलेल्या सत्यशीलाची सकाळची शाळा बुडायची.

"असंच राह्यलं तर पुढच्या साली दप्तर खुंटीला टांगावं लागंल गं," उषाबाई एकदा म्हणाली होती. रागाने नव्हे, हळूच म्हणाली होती. म्हणून ते सत्यशीलाच्या जास्त मनाला लागलं होतं.

सकाळची शाळा बुडाली तरी संध्याकाळची मात्र ती बुडू द्यायची नाही. ती शाळा अप्पाराव गुरुजींची. गुरुजी भोकरदनच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून आता गावी येऊन राहिले होते. ऊन उतरलं की शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसायचे. जो येईल त्याला शिकवायचे. कुणाचं चुकलं तरी ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "बरं, आता हेच पुन्हा चुकवून दाखव." पुन्हा चुकवताना पोराला आपली चूक बरोब्बर कळायची.

एकदा गुरुजींनी चुलीतली राख आणली आणि आवारात एक लांबलचक चौकोन आखला. त्याला दोन आडव्या रेघा मारल्या. तीन खोल्या झाल्या. पहिली मॉर्निंग, दुसरी आफ्टरनून, तिसरी इव्हिनिंग. पहिल्या दोघींच्या मधल्या रेघेवर एक गोटा ठेवला. तो नून.

"हे वेळेचं अंगण," गुरुजी म्हणाले. "मी बोलतो, तुम्ही पळायचं आणि बरोबर जागेवर उभं राहायचं. इन द मॉर्निंग!"

सगळी पोरं पहिल्या खोलीत घुसली. कुणी इकडे, कुणी तिकडे, एकमेकांच्या पायांवर.

"बघा, केवढी गर्दी आणि केवढा गोंधळ," गुरुजी म्हणाले. "संपत, तुझ्या मामाला सांगावा धाड, सकाळी या म्हणून. मामा कधी येतील?"

संपत हा सरपंच काकासाहेबांचा पुतण्या. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "मामा बराबर जेवायच्या टायमाला येतील, गुरुजी. त्यांची सकाळ आमच्या भाकरीबरोबरच होती."

पोरं खिदळली. गुरुजीही हसले.

"म्हणूनच सांगतो. मॉर्निंग म्हणजे मोठी खोली. नुसतं खोलीचं नाव घेतलं तर माणसाने कुठं उभं राहायचं? पण त्याच्या आधी एक लहानसा शब्द लाव. अर्ली इन द मॉर्निंग म्हटलं, की दाराशी. लेट इन द मॉर्निंग म्हटलं, की पार मागच्या भिंतीला. शब्द एवढासा, पण माणसाचा हात धरून जागेवर नेऊन सोडतो."

"आन जस्ट?" सत्यशीलाने विचारलं.

"जस्ट म्हणजे खेटून. जस्ट बिफोर नून म्हटलं तर अंगठा गोट्याला लागला पाहिजे, पण गोटा ओलांडायचा नाही. सून आफ्टर नून, गोटा ओलांडून एकच पाऊल. आधी लहान शब्द, मग वेळ. लहान्याला पुढं घालायचं आणि मोठ्याने त्याच्या मागून चालायचं, जत्रेत चालतात तसं. चला. लेट इन द आफ्टरनून!"

सत्यशीला सुसाट धावली आणि दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकली. संपत खोलीच्या मध्यावरच बसकण मारून राहिला.

"संपत, तू तिथं काय करतोस?"

"गुरुजी, दुपारचं झोपून राह्यलो. उठलो की जातो लेटला."

असा तो खेळ रोज चालायचा. त्यात सत्यशीला सहसा हरायची नाही. पाण्याच्या रांगेत बसून बसून दिवसाचा कोपरा न् कोपरा तिला पाठ झाला होता. टँकर कधी येतो, पोहरा कधी खरवडायला लागतो, गाळ कधी दिसतो, हे तिला घड्याळाशिवाय ठाऊक होतं. गुरुजींनी फक्त त्या कोपऱ्यांना नावं दिली.

एके दिवशी गावात बातमी आली. जमिनीला भोक पाडून पाणी काढणारं मोठं यंत्र तालुक्यात आलं होतं. दुष्काळात मदतीला आलेला एक गोरा साहेब जीपमधून गावोगाव हिंडून, यंत्र कुठं लावायचं ते ठरवत होता. यंत्र या भागात थोडेच दिवस थांबणार आणि मग पूर्णा नदीच्या पलीकडे जाणार. ज्या गावाचं नशीब उघडेल, त्या गावाला हापसा मिळणार. दांडा खालीवर केला की पाणी! सत्यशीलाने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हवेतच तो दांडा हापसून पाहिला.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी काकासाहेबांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. काकासाहेब मनाने चांगले माणूस. गुरांच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. बैलाचे दात न पाहता वय सांगायचे. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट गुरांच्या बाजारावरून कळायची.

"मला एक सांगा," ते म्हणाले, "बैल बाजारात नेताना उपाशी नेता का? न्हाई. धुता, शिंगं रंगवता, पोट टम्म करता. का? घेणाऱ्याच्या नजरेत भरला पाह्यजे. मंग साहेबाला काय कोरडी विहीर दाखवायची? त्यो म्हणंल, हितं काय न्हाई, चला पुढं. उद्या टँकर आला की पाण्याला कुणी हात लावायचा न्हाई. साहेब भरली विहीर बघंल, म्हणंल, ह्या गावच्या जमिनीत पाणी आहे, लावा मशीन!"

माणसांनी माना हलवल्या. आता तुम्हाला यातली चूक दिसत असेल. पण रानखेड्यात पिढ्यान्‌पिढ्या बैल असेच विकले गेले होते, त्यामुळे तिथं कुणालाच ती दिसली नाही.

"आन पोरांनी काय पेन्सिली चावून तहान भागवायची?" चतुराबाईने मागून विचारलं.

"माय, एका सकाळचा सवाल आहे. साहेब गेला की भरा. आन टँकरचं नाव कुणी काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

सत्यशीलाला वाटलं, गुरुजींना विचारावं. पण गुरुजी दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कामाला भोकरदनला जाणार होते आणि त्या तयारीत होते. सकाळच्या एसटीने ते गेलेही.

त्या सकाळी विहीर नवरीसारखी सजली. रहाटाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, काठ झाडून काढला, पायऱ्यांवर सडा मारला. सड्याचं पाणीही टँकरचंच! विहिरीत निळंशार पाणी डुलत होतं आणि झाडाखाली गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कोरड्या तोंडाने बसल्या होत्या. पायऱ्यांच्या खाली आपल्या नेहमीच्या जागी उषाबाई बसली होती आणि शेजारी सत्यशीला.

दिवस बराच वर आल्यावर धुरळा उडवत जीप आली. साहेब उंच होता, उन्हाने लाल झालेला, डोक्यावर गवताची टोपी. त्याच्याबरोबर नेहमी एक दुभाषी असायचा, पण त्या दिवशी तो यंत्रापाशी अडकला होता. सोबत फक्त मच्छिंद्र ड्रायव्हर.

"मच्छिंद्र, तुला इंग्लिश येती ना?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

"येती की. ब्रेक, क्लच, डिझेल, यस, नो. ह्याच्या भाईर साहेबाला काय लागतच न्हाई."

साहेब पायऱ्या चढून काठावर गेला. वाकून पाहिलं. एक खडा आत टाकला. डुबुक! साहेबाचा चेहरा खुलला.

"व्हेरी गुड," तो म्हणाला. "प्लेंटी ऑफ वॉटर." मग मच्छिंद्रकडे वळून म्हणाला, "ओके. नेक्स्ट व्हिलेज."

"काय म्हणाले?" काकासाहेबांनी विचारलं.

"व्हेरी गुड म्हणाले," मच्छिंद्रने सांगितलं.

काकासाहेबांची छाती फुगली. "बघा! मी म्हणत न्हवतो?" माणसांनी टाळ्या वाजवल्या. साहेबही हसला आणि त्याने टोपी हलवली. सगळे खूश होते.

फक्त एका मुलीचे हात टाळ्यांसाठी उठले नाहीत. नेक्स्ट म्हणजे पुढचं आणि व्हिलेज म्हणजे गाव, हे सत्यशीलाला येत होतं. साहेब निघाला होता. हापसा निघाला होता. तिचं दप्तर खुंटीकडे निघालं होतं.

तिने फाट्याकडे पाहिलं. गुरुजींची एसटी यायला अजून सगळी दुपार पडली होती. तिने आईकडे पाहिलं. आईला काही कळलंच नव्हतं. साहेबाचा एक पाय जीपच्या पायरीवर गेला, आणि सत्यशीलाच्या तोंडून आवाज निघाला.

"सर! नो वॉटर!"

साहेब थबकला. त्याने विहिरीकडे बोट केलं. "नो वॉटर? बट धिस इज वॉटर!"

माणसं हसली. काकासाहेब गरजले, "ए पोरी, गप! कुणाची आहे ही?"

"माझी आहे," उषाबाई म्हणाली, आणि घाबरून उभी राहिली. पण तिने सत्यशीलाला मागे ओढलं मात्र नाही.

"वॉटर," सत्यशीला पुन्हा म्हणाली, "वॉटर इन द मॉर्निंग."

"येस, येस. इट इज मॉर्निंग," साहेब समजुतीने म्हणाला. लहान मुलीला रंगांची नावं येतात म्हणून कौतुक करावं, तसं म्हणाला.

सत्यशीलाला एकदम समोर संपतचा मामा दिसला, जेवायच्या टायमाला येणारा. आपण नुसतं खोलीचं नाव घेतलं! साहेबाने कुठं उभं राहायचं?

तिने खाली पडलेली काटकी उचलली आणि पायऱ्यांच्या खालच्या धुळीत लांबलचक चौकोन ओढला. दोन रेघा आडव्या. मधे एक गोटा. साहेब काय चाललंय ते पाहायला जीपपासून चार पावलं परत आला.

सत्यशीला दाराशी उभी राहिली. "अर्ली इन द मॉर्निंग," ती म्हणाली, "टँकर कम्स." आणि साहेबाला कळावं म्हणून तिने दोन्ही हातांत स्टिअरिंग धरून "घर्रर्र" असा आवाज काढला, मग घागर तिरकी करून ओतल्यासारखं केलं. मच्छिंद्र फस्सकन हसला. काकासाहेबांनी कपाळावर हात मारला. टँकरचं नाव निघालं होतं.

तिने एक उडी मारली. "लेट इन द मॉर्निंग, लिटल वॉटर." दुसरी उडी, गोट्याच्या पुढे. "सून आफ्टर नून, मड." मग पळत दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीला गेली आणि आईची घागर पालथी धरली. "लेट इन द आफ्टरनून, नो वॉटर. एव्हरी डे. एव्हरी डे, सर."

साहेब आता हसत नव्हता. तो अंगणाच्या कडेला आला आणि त्याने बोट दाखवत विचारलं, "अँड नाउ? व्हेअर आर वी नाउ?"

सत्यशीलाने आपली सावली पाहिली आणि गोट्याच्या अलीकडे बोट ठेवलं. "लेट इन द मॉर्निंग."

"बट देअर इज अ लॉट ऑफ वॉटर," साहेब म्हणाला.

प्रश्न बरोबर होता. तिच्याच हिशोबाने आता विहिरीत थोडंच पाणी असायला हवं होतं. आणि त्याचं उत्तर द्यायचं तर सरपंचांची सगळी युक्ती सांगावी लागणार. तेवढं इंग्रजी तिच्यापाशी नव्हतं, आणि सरपंचांच्या तोंडाकडे पाहून मराठीही पळाली होती. तिने झाडाखालच्या बायांकडे हात केला.

"वेटिंग," ती म्हणाली. "फॉर यू."

साहेबाने वळून पाहिलं. बायांच्या पुढ्यात घागरी, हंडे, कळश्या. तेवढ्यात चतुराबाईचा धीर सुटला. तिने आपला हंडा उचलला, पालथा केला आणि बुडावर अशी थाप मारली, की जीपच्या टपावरचा कावळा उडाला.

"बघ बाबा," ती म्हणाली, "थेंब असंल तर काढून दाखव!"

हे मात्र साहेबाला दुभाष्याशिवाय कळलं. त्याने विहिरीपाशी उमटलेल्या टँकरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या. आंब्याच्या डहाळ्या पाहिल्या. काकासाहेबांकडे पाहिलं, तर ते आभाळात घारी शोधत होते. मग साहेब आपले मोठे बूट घेऊन धुळीतल्या अंगणात शिरला, दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि आपल्या पायाकडे बोट दाखवत म्हणाला, "आय विल कम. हिअर."

"लेट इन द आफ्टरनून!" सत्यशीला ओरडली.

जीप गेली. धुरळा खाली बसायच्या आत काकासाहेब तिच्याकडे वळले. "सगळं मातीत घातलंस! आता त्यो म्हणंल, हे गाव लबाड आहे."

"लेका," चतुराबाई मध्ये आली, "तुला बैल इकायचाय का पाणी आणायचंय, ते ठरीव एकदा. सरक आता. पोरं तहानली आहेत." आणि तिने पहिला पोहरा सोडला. मग काय, रहाट थांबलाच नाही.

दुपार फार सावकाश गेली. उषाबाई एकदाच म्हणाली, "तुला काय गरज व्हती गं मधी पडायची?" आणि थोड्या वेळाने, "काय म्हणालीस त्याला? पुन्हा म्हण बरं." सत्यशीलाने पुन्हा म्हटलं. आईने घर्रर्र आवाजही पुन्हा काढायला लावला.

फाट्यावर एसटी थांबली. सत्यशीला अर्ध्या वाटेतच गुरुजींना गाठून एका दमात सगळं बोलली. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकलं, आणि एकच विचारलं, "गोटा ठेवला होतास ना?"

"ठेवला व्हता."

"मग झालं. आता कुठं आहोत आपण?"

"लेट इन द आफ्टरनून. मागच्या भिंतीला." तिचा आवाज बारीक झाला. "पर साहेब आला न्हाई, गुरुजी."

"भिंत अजून संपली नाही. थांबू या."

ते दोघं विहिरीपाशी थांबले. हळूहळू गाव जमलं. गुरं परतली. सावल्या लांब झाल्या, सूर्य बाभळीच्या शेंड्याला आला. काकासाहेबही येऊन एका दगडावर बसले. संपत म्हणाला, "सत्ये, ही तर इव्हिनिंगची खोली आली. तुझा साहेब बी दुपारचा झोपला वाटतं." आणि सूर्य अगदी टेकणार, तेवढ्यात सडकेकडून धुरळा उठला.

"जस्ट बिफोर सनसेट!" सत्यशीला उड्या मारत ओरडली. "खेटून आला, गुरुजी! खेटून!"

साहेब उतरला तोच माफी मागत. पुढच्या गावाला जीपचं चाक वाळूत रुतलं होतं. तो काठावर गेला आणि खडा टाकला. सकाळसारखं डुबुक झालं नाही. थप्प असा ओला, जड आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत. साहेबाने आणखी एक खडा टाकला. थप्प.

मग तो गुरुजींशी बोलू लागला. सकाळी विहीर का सजवली होती, ते त्याला समजून घ्यायचं होतं. गुरुजींनी काकासाहेबांकडे पाहिलं.

"सांगा, गुरुजी," काकासाहेब मान खाली घालून म्हणाले. "बैलाचं बी सांगा. जे आहे ते सांगा."

गुरुजींनी सांगितलं. शिंगं रंगवल्याचं सांगितलं, पोट टम्म केल्याचं सांगितलं. ते ऐकून साहेब असा हसत सुटला, की त्याला विहिरीच्या काठावर बसावं लागलं. डोळे पुसत तो काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?" काकासाहेबांनी घाबरत विचारलं.

"म्हणतात, त्यांचे वडील शेतकरी. बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढ्यांना साबण लावून आंघोळ घालायचे. आणि म्हणतात, पाणी शोधायला यंत्र आहे. ते स्वतः फिरतात ते पाणी कुठं नाही, हे पाहायला."

काकासाहेबांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनाही हसू फुटलं. "म्हंजी ह्यांना मरतुकडाच बैल पाह्यजे व्हता!"

साहेब सत्यशीलापुढे वाकला. "अर्ली नेक्स्ट वीक," तो म्हणाला. एवढंच. आणि जीपमध्ये बसला.

"काय म्हणाला? कवा?" सगळं गाव एकदम विचारू लागलं.

"सोमवारी, न्हाई तर मंगळवारी!" सत्यशीला म्हणाली.

"तुला वार कुठं सांगितला त्यानं?" काकासाहेब चक्रावले.

"अवो काका," संपत मोठ्या शहाणपणाने म्हणाला, "आठवड्याची बी खोली असती. यंत्र दाराशीच येतंय."

यंत्र मंगळवारी आलं. शाळेचं आवार सरकारी, कुणाच्या मालकीचं नव्हतं, आणि तिथला उतार साहेबाला आवडला, म्हणून भोक तिथंच पाडायचं ठरलं. आधी पांढरी भुकटी उडाली, मग काळी. सगळी पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसू लागली. मग चिखल आला. आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, पाण्याचा असा फवारा उडाला, की कडुनिंबाखाली उभे असलेले गुरुजी चष्म्यासकट भिजले. वेळेचं अंगण धुऊन गेलं. गोटाही कुठंतरी वाहून गेला.

थोड्या दिवसांनी त्या जागी हापसा बसला. पहिल्या सकाळी काकासाहेबांनी नारळ फोडला. बाया आल्या आणि सवयीप्रमाणे दोन जागी थांबल्या. काही हापशाजवळ, आणि उषाबाई व तिच्या सोबतच्या बाया थोड्या दूर. चतुराबाईने आपला हंडा तोटीखाली ठेवला, दांड्याला लोंबकळून पाहिलं, पण नवा दांडा तिच्याने हलेना. तिने धापा टाकत मागे पाहिलं.

"उषे, तिकडं कशाला थांबलीस? हितं ना पायऱ्या, ना वर, ना खाली. ये की माझ्यामागं. आन तुझी पोरगी कुठंय?"

सत्यशीलाने परकर खोचला, पुढे आली आणि दोन्ही हातांनी दांडा दाबला. एकदा, दोनदा. आत काहीतरी खाकरलं, आणि पाणी हंड्यात धडाधड पडू लागलं. चतुराबाईचा हंडा भरला. त्यामागे उषाबाईची घागर भरली, वरून कुणी न ओतता, काठोकाठ. मग पुढची, मग त्यामागची. हापसून हापसून सत्यशीलाचे हात दुखले, तेव्हा संपतने दांडा धरला आणि शाळेची घंटा झाली. दप्तर तिच्या खांद्यावरच होतं.

पण ती लगेच वर्गात गेली नाही. तिने आधी एक काटकी शोधली, हापशाभोवतीच्या ओल्या चिखलात लांबलचक चौकोन ओढला, दोन रेघा आडव्या मारल्या आणि मधे नवा गोटा ठेवला. मग तिने चतुराबाईचा हात धरला, तिला पहिल्या खोलीच्या दाराशी नेऊन उभं केलं, आणि अगदी गुरुजींच्या आवाजात म्हणाली,

"हं आज्जी, म्हणा आता. अर्ली इन द मॉर्निंग."